दही न मोडता नेवाशाला

माझ्या लेकीला, दिशाला गाडी लागते. लागायच्या आधी तीन गोष्टी होतात. पहिल्यांदा ती गप्प होते. मग खालचा ओठ आत ओढून घेते. मग एकदा माझ्या डोळ्यांत बघते, पुढच्या प्रकाराची आगाऊ कल्पना दिल्यासारखं. तिथून माझ्या हातात चार सेकंद असतात. हे मी घड्याळ लावून मोजलेलं आहे.

दिवाळीत पहिल्यांदा तिला घेऊन आमच्या व्हॅनमधून निघालो. राहुरी सोडून उंबरे येईपर्यंत माझा पदर, माझ्या नवऱ्याची, हर्षलची बाही आणि गाडीतलं सगळं पुसायचं कापड संपलं, म्हणून उंबऱ्यातूनच परत फिरलो. दुसऱ्यांदा राहात्याला लग्न होतं. हर्षलनं मित्राची एसी गाडी मागून आणली. कोल्हारच्या पुलावरून तीही परत फिरवावी लागली. तो मित्र आता फोन उचलतो, पण गाडीचा विषय निघाला की त्याची रेंज जाते. तेव्हापासून मी दिशाला घेऊन दवाखाना सोडून कुठंही गेले नव्हते, आणि दवाखाना आमच्या गल्लीतच आहे. डॉक्टर म्हणाले, "मोठी होईल तसं कमी होईल." किती मोठी, ते काही त्यांनी सांगितलं नाही.

आणि अशात कानिफचा फोन आला.

कानिफनाथ माझा धाकटा भाऊ, एकुलता एक. सैन्यात आहे. आबांच्या, म्हणजे आमच्या वडिलांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी त्याला तीन आठवड्यांनंतरची चार दिवसांची सुट्टी मिळाली होती. त्यातले तीन दिवस अहिल्यानगरच्या दवाखान्यात जाणार होते. रविवारी दुपारी चारला त्याची गाडी. पुढची सुट्टी कधी, हे त्यालाही माहीत नव्हतं. दिशाला त्यानं आजवर फक्त मोबाईलमध्ये बघितलेलं. "ताई," तो म्हणाला, "रविवारी सकाळी मी मोकळा आहे. जावळ उरकून घेऊ."

हे ऐकून माझ्या सासूबाई लगेच देवापाशी गेल्या. त्यांनी दिशा व्हायच्या आधीच नवस बोलला होता, की बाळाचं जावळ मूळ गावच्या खंडोबापुढं काढीन. मूळ गाव नेवाशाच्या पुढं सात किलोमीटर. जावळ काढताना बाळ मामाच्या मांडीवर असायला हवं आणि पहिली बट मामानं कापायची. महिना विषम लागतो. त्या रविवारी दिशाला अकरावा चालू असणार होता. रविवार खंडोबाचा वार. म्हणजे सगळं जुळून आलं होतं, फक्त राहुरी ते मूळ गाव हा साठ किलोमीटरचा रस्ता मध्ये होता.

"यष्टीनं जाऊ," सासूबाई म्हणाल्या.

"आई, एसटीचं नाव काढू नका," मी म्हणाले. "गर्दी, खोकणारी माणसं, धूळ, खिडक्या. तिला काही झालं म्हणजे?"

"मंग काय इमानानं न्यायची?"

मी त्या दिवसापासून कामाला लागले. तीन आठवडे होते.

आमच्या व्हॅनची अडचण अशी की हर्षलचं ठिबकचं दुकान आहे, आणि नळ्यांची वेटोळी बसावीत म्हणून त्यानं मागचं सीट केव्हाच काढून टाकलंय. मी विचार केला, पुढच्या सीटवर तिला लागतं, तर मागं असं सीट बनवून घेऊ की रस्त्याचा एकही धक्का तिच्यापर्यंत पोचणार नाही. तेव्हा मी खाजाभाईंकडे गेले.

खाजाभाईंचं सीटचं दुकान स्टँडच्या मागं आहे. त्यांचे वडील कापूस पिंजायचे, गाद्या भरायचे. खाजाभाई रिक्षा, टेम्पो आणि मुख्यतः ट्रॅक्टरची सीटं करतात. माझ्या सासऱ्यांचे ते लंगोटीयार. सासरे गेले तरी खाजाभाई प्रत्येक ईदला डबा घेऊन येतात आणि सासूबाईंच्या हातचा चहा नावं ठेवत पितात.

"कोन बसनार?" त्यांनी कानावरची पेन्सिल काढली.

"बाळ. आणि मी."

"वजन?"

"आठ किलो दोनशे."

"त्ये पोरीचं. तुमचं इचारतोय, सूनबाई."

"माझ्या वजनाचा काय संबंध?"

"सीटला संबंध हाय."

बाळंतपणानंतर हा प्रश्न मी वजनकाट्यालाही विचारू देत नाही. "बाळासाठीच करा," मी म्हणाले. "एकदम मऊ."

खाजाभाईंनी पेन्सिल परत कानावर ठेवली. "मऊ म्हंजी चांगलं न्हाई. ट्रॅक्टरचं सीट मी कडक करतो. मऊ केलं की डायवर पेंगतो आन् उसाची ट्रॉली वढ्यात जाती."

"मला तिनं पेंगायलाच हवंय."

"मंग करू," ते म्हणाले, पण तोंड कडूच होतं.

सीट चांगलं झालंय की नाही, हे कळणार कसं, हा पुढचा प्रश्न. दिशाला बसवून बघायचं तर तीच ओकणार, आणि एकदा का नव्या सीटची तिनं धास्ती घेतली की संपलं. त्या संध्याकाळी मी विरजण लावत होते. कानिफ सुट्टीवरून परत निघाला की त्याच्या हातावर दही-साखर ठेवायची ही आमच्याकडची रीत. आई गेल्यापासून ते काम माझं. रविवारीही घरचंच दही न्यायचं, असं मनात चाललेलं, आणि एकदम सुचलं. बाळाच्या पोटात काय असतं? दूध. डब्यात काय आहे? दूधच. नवीन सीटवर दह्याचा डबा ठेवायचा. दही मोडलं नाही तर दिशाही मोडणार नाही. मी केमिस्ट्रीची पदवीधर आहे. मला हे अगदी शास्त्रीय वाटलं.

"पोरीच्या जागी दही बसिवती व्हय?" सासूबाईंनी विचारलं.

"फक्त चाचणीला."

"झबलंबी घाल त्याला."

पहिलं सीट फोमचं होतं. हर्षल दह्याचा डबा घेऊन विद्यापीठाच्या गेटपर्यंत जाऊन आला. डबा उघडला तर आत ताक. खाजाभाईंनी बोट बुडवून चाखलं आणि "ताक झकास झालंय," म्हणाले. मी नुसतं झाकण लावलं. त्याचा मात्र त्यांना राग आला. मी चिडले असते तर त्यांना चाललं असतं.

दुसऱ्या सीटला त्यांनी फोम काढून कापूस भरायचं ठरवलं. बाजारातला कापूस चालेना, तेव्हा सासूबाईंनी माळ्यावरून स्वतःच्या लग्नातली गादी काढून दिली. "घ्या पिंजून. नातीच्या बुडाखाली जाईल, आनिक काय पायजे?" खाजाभाई दोन दिवस दुकान अर्धं झाकून पिंजत बसले. यावेळी दह्याला मधोमध एकच चीर गेली, प्रवरेच्या पात्रासारखी.

"निम्मं पास," हर्षल म्हणाला.

"निम्मं पोट ओकलं तर चालंल का तुझ्या बायकोला?" खाजाभाई त्याच्यावर उखडले. आता ती त्यांची इज्जत झाली होती. त्यांनी रात्रभर विचार केला म्हणे, आणि सकाळी ट्रॅक्टरची जुनी ट्यूब घेऊन आले. तिचे चार पट्टे कापले, व्हॅनच्या आत चार कोपऱ्यांना चार हूक ठोकले आणि सीट त्या पट्ट्यांना लटकवलं. खाली आधार काहीच नाही. "गाडी हालंल तशी हालू दे," ते म्हणाले. "सीटला गाडीशी देनं-घेनं न्हाई."

तोवर हर्षलचंही शिक्षण चाललेलं होतं. गतिरोधक आला की गाडी मुंगीसारखी चढवायची, खड्डा आला की आधी त्याला ओळख द्यायची आणि मग हळूच आत उतरायचं. त्याचा सगळ्यात सुरक्षित वेग ताशी पंधरा निघाला. मागचे लोक हॉर्न वाजवून जीव नकोसा करायचे, म्हणून चारी दिवे लुकलुकते ठेवून तो जायचा. शेवटच्या चाचणीला मीही पुढं बसले होते. रस्त्याच्या कडेला एक म्हातारे बाबा सायकलवरून उतरले, त्यांनी टोपी काढली आणि हात जोडले. पुढं एका मोटारसायकलवाल्यानं खिडकीशी येऊन हळू आवाजात विचारलं, "कोन गेलं?"

"कुनी न्हाई," हर्षल म्हणाला. "दही हाय."

तो माणूस बराच वेळ आमच्या शेजारून चालवत राहिला.

पण डबा उघडला तेव्हा आतलं दही जसंच्या तसं होतं. काठापासून काठापर्यंत एक चीर नाही. खाजाभाईंनी डबा दोन्ही हातांनी उचलून उजेडात धरला. सासूबाईंनी साखर आणली आणि आम्ही चौघांनी व्हॅनपाशी उभं राहून ते दही खाल्लं. दिशाला बोटानं चाटवलं. इतकं बरं मला कितीतरी महिन्यांत वाटलं नव्हतं.

"पैल्या परवासाला मी संगती आस्तो," खाजाभाई म्हणाले. "ही माझी पद्धत. नवं सीट बसतं, शिवन ढिली पडती. दाभन-सुतळी घिऊन बसतो. जावळाचं जेवनबी हुईल."

रविवारी सकाळी साडेआठला आम्ही निघालो. माझ्याकडं दिशाचे नऊ फ्रॉक, तीन टॉवेल, लिंबू, ओल्या रुमालांची दोन पाकिटं, थर्मामीटर आणि चाळीस प्लास्टिकच्या पिशव्या होत्या.

"नेवाशाला चाललो का नेपाळला?" सासूबाईंनी विचारलं.

पुढच्या सीटवर नैवेद्याचं सामान ठेवलं. मागच्या लटकत्या सीटवर एका बाजूला सासूबाई, दुसऱ्या बाजूला दाभण घेतलेले खाजाभाई, मधे मी आणि माझ्या मांडीवर दिशा. कानिफसाठी लावलेल्या दह्याचा कडीचा डबा खाजाभाईंच्या मांडीवर. त्या दह्यावर माझ्याइतकाच त्यांचाही हक्क होता.

हर्षलनं गियर टाकला. व्हॅन पुढं गेली. आम्ही थोड्या वेळानं गेलो.

मग हर्षलनं ब्रेक मारला. व्हॅन थांबली, पण आम्ही नाही थांबलो. आम्ही पुढच्या सीटच्या पाठीपर्यंत जाऊन आलो, परत मागं दारापर्यंत गेलो, परत पुढं. तेवढ्यात हर्षलनं गाडी पुन्हा सुरू केली, म्हणून आमची लय चुकली आणि आम्ही आडवे हलायला लागलो. त्या क्षणी माझ्या ध्यानात आलं, की तीन आठवडे या सीटवर फक्त दही बसलं होतं. माणूस एकदाही बसवलेला नव्हता.

"खाजाभाई," मी म्हणाले, "हे थांबत का नाही?"

"वजन जास्त हाय," खाजाभाई हुकाला धरून म्हणाले. "इचारलं हुतं मी."

उंबऱ्याच्या अलीकडं सात गतिरोधक आहेत. एकाचा झोका संपायच्या आत पुढचा यायचा. हर्षल ताशी पंधरानं चालवत होता, कारण दह्याला तेच मानवलं होतं. मी दिशाच्या तोंडावरची नजर काढत नव्हते. ती टकामका बघत होती. खाजाभाई मात्र गप्प झाले होते. नंतर सासूबाईही गप्प झाल्या, आणि सासूबाई गप्प होणं ही आमच्या घरातली साधी गोष्ट नाही.

"हर्षल," खाजाभाई म्हणाले, "जरा थांबव. हूक बघायचा हाय."

गाडी थांबली. हूक आत होता आणि खाजाभाई उसात शिरले. बऱ्याच वेळानं आले, मिशी ओली करून. थोडं पुढं गेल्यावर सासूबाईंनी माझ्याकडं हात केला. "दे एक पिशवी. बासष्ट वर्सं झाली, बैलगाडीत बसले, ट्रॅक्टरवर बसले, उंटावरबी बसले. कदी लागलं न्हवतं."

तेवढ्यात दिशा गप्प झाली. पहिली खूण. मी पिशवी उघडली. तिनं खालचा ओठ आत ओढला. मी पिशवी तिच्या तोंडाशी नेली. तिनं माझ्या डोळ्यांत बघितलं. मी मोजायला लागले, एक, दोन, आणि तिसऱ्याला ती पिशवी मी स्वतःच वापरली.

माझं झाल्यावर दिशाचंही झालं. मग हर्षल ओरडला, पण त्याला काही वेगळंच दिसलं होतं. पुढच्या सीटखालून वाफ येत होती. व्हॅनचं इंजिन तिथंच असतं. पहिल्या नि दुसऱ्या गियरमध्ये इतका वेळ रांगल्यावर ते तापलं, पाणी उकळून बाहेर आलं आणि व्हॅन उसाच्या दोन फडांच्या मधे थांबली ती थांबलीच.

सव्वादहा वाजले होते. सोनईसुद्धा आली नव्हती.

फोन वाजला. "ताई, कुठपर्यंत आलात?"

"उंबऱ्याच्या पुढं."

कानिफ म्हणाला, "मी खंडोबापाशी पोचलोय. न्हावी पण आलाय. सव्वाला मला निघावंच लागेल, ताई. नाही जमलं तर राहू दे. तिला त्रास देऊ नकोस."

'राहू दे' हा शब्द त्यानं असा म्हटला, जसा तो लहानपणी शेवटची करंजी माझ्यासाठी ठेवताना म्हणायचा. म्हणजे त्याला ती हवी असायची. मी डांबरी रस्त्याच्या कडेला, ओल्या पदरानं, दिशाला दुसऱ्या क्रमांकाचा फ्रॉक घालत उभी होते. हर्षल म्हणत होता, अर्ध्या तासात इंजिन थंड होईल. खाजाभाई म्हणत होते, सीट काढतो, पण शिवण पक्की केलीये, तास लागेल. राहुरीकडून धुरळा उडवत लाल बस येत होती आणि सासूबाई नुसत्या तिच्याकडं बघत होत्या.

मीच हात केला.

"चला, आत सरका, मागं समदं मोकळंय," कंडक्टरबाई म्हणाल्या. खाकी शर्टावर पंकजा असं नाव होतं. मागं काहीही मोकळं नव्हतं. त्यांनी आमच्याकडं वरून खाली बघितलं. "काय वो, पावसात सापडला का?"

"सीटात सापडलो," सासूबाई म्हणाल्या. "तीन नेवासा दे."

हर्षल व्हॅनपाशी राहिला, नैवेद्याचं सामान सासूबाईंच्या हातात आलं. बस सुटली ती पाटा आपटावा तशी. सगळ्या काचा एकदम वाजायला लागल्या. मला अजून गरगरत होतं. एका हातात दांडा, एका हातात दिशा, खांद्यावर चाळीसातल्या उरलेल्या पिशव्या. मी दांड्याभोवतीच फिरत होते. शेजारच्या बाकावर मेथीच्या जुड्यांचं भलं मोठं गाठोडं घेऊन एक मावशी बसल्या होत्या.

"आन पोर हिकडं," त्या म्हणाल्या. "तुझंच तुला उबं ऱ्हावंना."

"नको, हिला गाडी लागते!"

"लागू दे की. मेथी लोक धुऊनच खात्यात."

आणि त्यांनी दिशा घेतलीसुद्धा. त्यांच्या मांडीवर ती कशीबशी अर्धा मिनिट टिकली. पुढच्या बाकावरच्या कॉलेजच्या मुलीनं हात पसरले, तिच्याकडं गेली. तिथून एका काकांच्या खांद्यावर. तिथून परत मेथीवर. पिवळा फ्रॉक माणसांच्या डोक्यांवरून जात-येत होता आणि मी दांड्याला लटकून मान वळवत होते. कुणी हात धुतले होते का? काकांना खोकला तर नाही ना? कानातलं तर कुणाच्या शर्टात अडकणार नाही ना? मी एवढंच ओरडू शकले, "डोकं सांभाळा!"

बसमधल्या सातआठ उंच माणसांनी आपापली डोकी सांभाळली.

मोठ्या खड्ड्यात बस गेली. सगळी बस उडाली, सगळ्यांची बुडं एकदम बाकावर आपटली. दिशा म्हणाली, "आँ!" रडून नाही, हसून. पुढच्या खड्ड्याला तिनं आधीच तोंड उघडून ठेवलं. खड्डा यायला जरा उशीर झाला तर ती मावशींच्या गाठोड्यावर हात आपटायला लागली, जणू ड्रायव्हरला सांगतेय, आण की लवकर.

खाजाभाईंना कुणीतरी जागा दिली होती. दह्याचा डबा छातीशी धरून ते बाकाचं रेक्झिन अंगठ्यानं दाबून बघत होते. "काय बसकन हाय," ते सासूबाईंना म्हणाले. "फळीवर कातडं वढलंय नुसतं. कापूस न्हाई, फोम न्हाई."

"बरं वाटतंय का?"

"लई बरं वाटतंय, वैनी," खाजाभाई खिन्नपणे म्हणाले. "मी आदीच म्हनलं हुतं, कडक असावं."

सोनई गेली. मी जरा श्वास घेतला आणि मग ऐकलं की दिशाचा आवाज येत नाहीये.

पहिली खूण.

मी वाकून बघितलं. तिचा खालचा ओठ आत गेला होता.

"पिशवी!" मी किंचाळले. "पिशवी धरा! चार सेकंद आहेत!"

अख्ख्या बसनं श्वास रोखला. काकांनी आपली टोपी काढून धरली. मुलीनं पुस्तकं पोटाखाली घेतली. तीन दिशांनी तीन पिशव्या पुढं आल्या आणि पंकजाबाईंनी तिकिटांचं मशीन हवेत उचललं. सगळे मोजत होते. चार झाले. आठ झाले. मेथीवाल्या मावशींनी मान खाली घालून दिशाच्या तोंडाकडं बघितलं.

"झोपलीया गं," त्या म्हणाल्या. "ओठ चोखतीया झोपंत. आमची समदीच चोखायची."

मला कुणीतरी बसायला जागा दिली. मी बसले आणि लांबूनच तिच्याकडं बघत राहिले. कंडक्टरबाईंची घंटा, काचांचा खडखडाट, मागं कुणीतरी मोबाईलवर कांद्याचा भाव विचारत होतं, आणि दिशा मेथीवर गाल टेकून झोपली होती. तिच्याकडं कुणीही बघत नव्हतं. मी आजवर प्रत्येक प्रवासात तिच्याकडं असं बघत आले होते, जसं कुणी गॅसवरच्या दुधाकडं बघतं. कुणी माझ्याकडं असं बघितलं असतं, तर मीसुद्धा उतू गेले असते. पण हा विचार मी पुरता करू शकले नाही, कारण त्या काकांना खरंच खोकला आला आणि मी परत उठून उभी राहिले.

नेवाशाच्या स्टँडवर कानिफच्या मित्राची जीप आली होती. सव्वाबाराला आम्ही खंडोबापाशी होतो. कानिफ पायरीवर उभा होता. त्यानं दिशाला घेतलं नाही, आधी नुसतं बघितलं. मोबाईलमध्ये ती एवढी मोठी दिसत नाही, म्हणाला. त्याच्या बारीक कापलेल्या डोक्याकडं बघून सासूबाई न्हाव्याला म्हणाल्या, "मामाचं आदीच काढलंय वाटतं. पोरीचंच ऱ्हायलंय."

कानिफ मांडी घालून बसला, दिशाला मांडीवर घेतलं. समोरून न्हावी आला, बाजूला आधीच येऊन थांबलेली माझी नणंद ज्योती केस झेलायला पदर पसरून बसली. कानिफनं कात्री घेतली. दिशा गप्प झाली. ओठ आत ओढला. माझ्या डोळ्यांत बघितलं.

मी पिशवी काढली.

"ताई," कानिफ म्हणाला, "राहू दे गं. माझ्याच अंगावर होईल ना? होऊ दे."

पहिली बट कापली. ती तिच्या नाकाशी गेली आणि दिशा शिंकली. एवढंच झालं. बाकीचे केस तिनं मामाच्या अंगठ्याला धरून, कोणताही आवाज न करता काढू दिले. गुळगुळीत डोकं झाल्यावर दोघं इतकी सारखी दिसायला लागली, की खाजाभाईंनी मान वळवून डोळे पुसले. म्हणाले, भंडारा गेला डोळ्यात.

एक वाजून दहा मिनिटांनी कानिफनं पिशवी खांद्यावर टाकली. मी डब्यासाठी हात पुढं केला. खाजाभाईंनी डबा दिला, पण पटकन सोडला नाही.

कडी काढली. आत दही नव्हतं. पांढरं ताक होतं, आणि त्याच्यावर लिंबाएवढा लोण्याचा गोळा तरंगत होता. एवढं लोणी तर मी घरी रवी घेऊनही काढलेलं नाही.

खाजाभाईंनी खाली मान घातली. त्यांच्या हातात अजून दाभण होतं.

"कानिफ, दही मोडलं रे," मी म्हणाले. माझा आवाजही त्याच्याबरोबर मोडला. रीत म्हणजे रीत. आई असती तर तिनं असं पाणचट काही हातावर ठेवलं नसतं.

कानिफनं उजव्या हाताची ओंजळ केली. "वाढ."

मी ताक ओतलं, वर साखर टाकली. त्यानं ते एका घोटात पिऊन टाकलं, मग बोटानं लोण्याचा गोळा उचलला, त्यातला कणभर दिशाच्या ओठांना लावला आणि उरलेला तोंडात टाकला. "ताई," तो तोंड भरून म्हणाला, "आमच्या तुकडीत कुणाला निघताना लोणी मिळालेलं नाही. पुढच्या वेळेला पण एसटीनंच आण."

जीप वळणाआड जाईपर्यंत मी दिशाचा हात धरून हलवत होते. मग माझ्या लक्षात आलं, की मी तिचा हात सोडलाय आणि तरी तो हलतोय.

दोन वाजता आम्ही पारावर जेवायला बसलो होतो. गावातली चार म्हातारी माणसं पंगतीला होती. तेवढ्यात नेवाशाकडून चारी दिवे लुकलुकत, गतिरोधकावर मुंगीसारखी चढत आमची व्हॅन आली. आत दही नव्हतं, माणूस नव्हता, पण हर्षलच्या पायाला आता तोच वेग लागला होता. म्हाताऱ्यांनी एकमेकांकडं बघितलं, पत्रावळीवरचा घास खाली ठेवला, टोप्या काढल्या आणि हात जोडून उभे राहिले.

"बसा, बसा!" सासूबाई ओरडल्या. "जित्ता हाय त्यो! माझा ल्योक हाय!"

हर्षल उतरला. घामानं भिजला होता. त्यानं आधी दिशाच्या डोक्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. "बसमध्ये ओकली का?"

"नाही. अजिबात नाही."

"मग आता काळजी नाही," तो म्हणाला. "इंजिन एकदम ओके आहे. सीटलाही काही झालेलं नाही, येताना मस्त डुलत होतं. जाताना निवांत मागं बसा तिघं."

आम्ही तिघांनी व्हॅनच्या उघड्या दारातून आत बघितलं. सीट अजून हलत होतं. खाजाभाईंनी दाभण सुतळीत गुंडाळून खिशात ठेवलं. सासूबाईंनी पदरानं तोंड पुसलं आणि शेजारच्या म्हाताऱ्यांकडं वळल्या.

"बाबा," त्यांनी विचारलं, "राहुरीची यष्टी किती वाजता हाय?"